अकरा सरळ ओळी

मुलांनो, समोरच्या खिडकीकडे पाहा. तिचे गज उभे आणि सरळ आहेत ना? आता कल्पना करा, की काचेवर ओलं बोट फिरवल्यासारखा एक डाग तुमच्या नजरेच्या अगदी मधोमध बसला आहे. जिकडे पाहाल तिकडे तो तुमच्या आधी पोचतो. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंत तर कान दिसतील, केस दिसतील, नाक मात्र डागाखाली. आणि ते सरळ गज मध्येच वाकलेले दिसतील, कुणी गुडघ्याने दाबल्यासारखे. आलं डोळ्यांसमोर? आता ह्याच नजरेने तुम्हाला चित्र काढायचं आहे असं समजा.

गोपिकामावशीला दिवाळीपासून असं दिसत होतं.

ती नागपूरला मानेवाड्यात वरच्या मजल्यावर राहायची. खालच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण वंदना आणि वंदनाची दहा वर्षांची मुलगी रितिका. वंदना सीताबर्डीच्या एका कापडदुकानात कामाला होती, त्यामुळे शाळा सुटली की रितिका दप्तरासकट वर मावशीकडे.

मावशी चित्रकार होती. तीस वर्षं ती नागपूरच्या गच्च्या रंगवत आली होती. मे महिन्यात पांढऱ्याफटक पडलेल्या गच्च्या, तारेवरचे कपडे, पाण्याच्या टाक्या, चादरीवर घातलेले पापड. एखादं चित्र अडलं की ती ब्रश धुऊन ठेवायची आणि गोधडी काढायची. जुन्या साड्यांचे तुकडे फरशीवर इकडून तिकडे सरकवताना चित्रात हवा असलेला रंग तिला अचानक मिळून जायचा. गोधडीचा कंटाळा आला की रुमालावर भरतकाम.

"मावशी, तू एक काम पुरं काहून नाही करत?" रितिका विचारायची.

"एकाच चुलीवर तीन भांडे हाय वं माह्ये," मावशी म्हणायची. "एक उतरवलं की दुसरं चढवतो."

मग साखरेच्या आजाराने डोळ्याच्या पडद्यावर सूज आली. आधी चित्रं गेली, कारण हिरवा आणि तपकिरी तिला सारखेच दिसू लागले. मग गोधडीचे तुकडे एकमेकांना जुळेनात. शेवटी रुमालावरचं फूल कुठे सुरू झालं तेच सापडेना. धंतोलीच्या डॉक्टरांनी महिन्याला एक इंजेक्शन सांगितलं, तेही थेट डोळ्यात. तीन झाली होती. "सूज हळूहळू उतरेल," ते म्हणाले होते, "पण मध्येच सोडू नका. एकदा गेलेली नजर परत येईलच असं नाही."

मावशीने घरच्या घरी स्वतःची एक परीक्षा सुरू केली. पांढऱ्या मांजरपाटाच्या कापडावर रोज दुपारी एक धावदोरा घालायचा, म्हणजे गोधडीला घालतो तसा साध्या टाक्यांचा. पट्टी लावायची नाही, बोटाने चाचपायचं नाही, फक्त नजरेच्या भरवशावर. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून त्या ओळीवर बोट फिरवायचं. डोळ्यांना सरळ वाटलेली ओळ बोटाला वाकडी लागली, तर सूज अजून आहे.

सुई ओवून देणं हे रितिकाचं काम. ओळ झाली की मावशी औषधाचे थेंब टाकून अर्धा तास डोळे मिटून पडायची.

ओळी वाकड्याच येत होत्या. रोज. मावशी बोट फिरवायची आणि कापडाची घडी घालायची. समोर ठेवलेल्या तिच्या चहावर साय धरायची. एक दिवस तिने अर्धवट राहिलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि म्हणाली, "हे रंग तू घेऊन जा खाली. माह्या कोणत्या कामाचे आता?"

रितिकाला रंग फार आवडायचे. पण त्या दिवशी तिने एकही नळी उचलली नाही. तिला भीती वाटली.

दुसऱ्या दुपारी मावशी थेंब टाकून पडली होती आणि नवी ओळ रितिकाच्या समोर होती, मध्ये चांगलीच झोका घेतलेली. वाकडा टाका दिसला की रागवायचं नाही, शांतपणे उसवायचा आणि पुन्हा घालायचा, हे मावशीनेच तिला शिकवलं होतं. धावदोराही तिनेच शिकवला होता, त्यामुळे दोघींचे टाके बहिणी-बहिणींसारखे दिसायचे. रितिकाने मधले सात टाके उसवले. दप्तरातली पट्टी लावली आणि ते पुन्हा घातले. जुनी भोकं नखाने घासून मिटवली. एकदम सरळ केलं तर मावशीला संशय येईल, म्हणून थोडासा बाक मुद्दाम ठेवला.

"आज जरा बरी हाय," मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाली आणि गरम चहा प्याली.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण गरम चहा पिणारी मावशी रितिकाला रोज हवी होती. दुसऱ्या दिवशी बाक आणखी कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. अकराव्या दिवशी ओळ अगदी सरळ झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेला सुटी होती. रितिका पोहे खात होती आणि वंदना डबा भरत होती, तेवढ्यात मावशी ते कापड घेऊन, कठडा न धरता जिना उतरून खाली आली.

"वंदना, हात लाव इथं. लाव नं!"

"ताई, माही मेट्रो सुटन."

"मेट्रो मागून दुसरी येते. हे पाह्य आधी."

वंदनाने ओळीवर बोट फिरवलं. "बाप्पा! सरळ हाय वं ताई. शाळेतल्या पट्टीसारखी."

रितिकाला ठसका लागला.

"पाणी पी पोट्टे, पाणी," मावशी हसत म्हणाली. "ऐक वंदना, उद्याची सुई मी नाही टोचून घेत."

"काहून? डॉक्टरले विचारलं का?"

"त्याच्या मशिनीपेक्षा माह्यं बोट जुनं हाय."

"एकदा दाखवून तर ये."

"दाखवलं की टोचतेच तो. डोळ्यात सुई येताना दिसते, समजते तुले? कान टोचताना तू पूर्ण मोहल्ला गोळा केला होता, अन् मले शिकवून राहिली."

वंदनाला हसू आवरेना. "बरं, संध्याकाळी बोलू," असं म्हणून तिने चपला घातल्या आणि ती गेली.

मावशी संध्याकाळपर्यंत थांबणारी नव्हती. वर गेल्यावर तिने ते चित्र भिंतीकडून फिरवलं आणि त्याच्या समोर बसली. गच्ची अर्धी रंगवलेली होती. "इथं रंग नाही लावत," ती म्हणाली, "इथं खरंच गोधडीचा तुकडा लावतो. अन् तारेले दोऱ्याचा टाका. तिन्ही भांडे एकदम चुलीवर, कसं?" तिने एक नळी उघडून वास घेतला. कितीतरी महिन्यांनी ती असं भराभर बोलत होती.

रितिका दाराशी उभी होती. सांगितलं, तर हा चेहरा जाईल. नाही सांगितलं, तर डोळा जाईल. चेहरा समोर दिसत होता. डोळ्याच्या आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं.

मावशीने दवाखान्यात फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण तिला हात रंगांसाठी मोकळे हवे होते.

"उद्याची माही वेळ होती. गोपिका नाव. ती रद्द करायची हाय."

"थांबा मॅडम, रजिस्टर पाहतो," पलीकडून एक मुलगा म्हणाला. फोनमधून पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला.

"मावशी," रितिका म्हणाली.

"थांब वं, बोलून राहिली नं मी."

"मावशी, त्या ओळी माह्या हाय."

मावशीने मान वळवली, आणि सवयीप्रमाणे थोडी तिरकी केली, डागाच्या कडेने पाहण्यासाठी. "कोणत्या ओळी?"

"शेवटच्या. तू पडली राहायची तेव्हा मी उसवून पट्टीनं घालायची."

"किती?"

"अकरा."

"पण पहिल्या थोड्या वाकड्या होत्या."

"तो बाक मीच ठेवला," रितिका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला, की तिचा तिलाच नीट ऐकू आला नाही. "तुले कळू नये म्हणून."

मावशीने कापड मांडीवर ओढलं. डोळे मिटले. एका ओळीवरून बोट नेलं, मग दुसरीवरून, तिसरीवरून. बोट फार सावकाश चाललं होतं. पाचव्या ओळीवर ते थांबलं आणि तिथेच राहिलं.

"तुह्यापेक्षा तो डाग बरा," ती शेवटी म्हणाली. "तो लपून तं नाही बसत."

रितिकाला वाटलं, मावशीने एक थापड मारली असती तर बरं झालं असतं. उघडलेल्या नळीतून रंग टेबलावर ओघळत होता आणि तिला तो दिसत नव्हता.

"हॅलो मॅडम?" फोनमधला मुलगा म्हणाला. "उद्या साडेदहाची वेळ आहे. रद्द करू ना?"

मावशीचं बोट पाचव्या ओळीवरून हललं नाही.

"मॅडम? ऐकू येऊन राहिलं का? करू रद्द?"

रितिकाने बाहीने नाक पुसलं. ती टेबलापाशी गेली आणि तिने दोन्ही हातांनी फोन उचलला.

"नका करू," ती म्हणाली. "साडेदहाले आम्ही दोघी येऊन राहिलो."