नवमीला पूर्वेकडे फिरलेली छत्री

मी उदगीरच्या सिद्रामप्पांच्या गच्चीवरची छत्री बोलतेय. पावसातली नव्हे, केबलची. आठ फुटी, पत्र्याची. एके काळी अर्ध्या गल्लीच्या मालिका माझ्यातून जायच्या, त्या धंद्यावरच सिद्रामप्पांचं घर चालायचं. लाइट गेली तरी लोक शिव्या मलाच घालायचे! मग घरोघरी लहान छत्र्या आल्या आणि माझ्यावर कपडे वाळू लागले. अप्पांनी मात्र मला भंगारात दिलं नाही.

मला पुन्हा माणसांत आणलं ते त्यांच्या मुलीनं, शिवकांतानं. ती नांदेडला अभियांत्रिकीत संशोधन करत होती. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका जुन्या यानाचा संदेश केबलच्या छत्रीनंही पकडता येतो, हे तिला दाखवायचं होतं. माझ्या तोंडाशी बसवायचं यंत्र तिनं स्वतः बनवलं. दोन वर्षं दर रविवारी ती एसटीनं यायची आणि पाना घेऊन माझ्याशी झटायची. तो आवाज इतका क्षीण, की माझा नेम दोन बोटं चुकला तरी सगळं फुकट. कोट्यवधी किलोमीटरवरून कुणीतरी आपल्याशी बोलणार, या कल्पनेनंच मी हरखून गेले होते.

दसऱ्यानंतर ते यान कायमचं बंद होणार होतं. दसऱ्याच्या दुपारी ते चार मिनिटांत माझ्यासमोरून सरकेल, असा शिवकांताचा हिशेब होता. आधीच्या रविवारी तिनं सूर्यावर नेम तपासला, मला ठरल्या जागी वळवलं, बोल्ट आवळले आणि ती नांदेडला गेली.

मधे आली खंडेनवमी. अप्पांनी मला घासूनपुसून धुतलं. पण माझं तोंड शेजारच्या संडासाच्या टाकीकडे होतं.

"असं कसं चालंल माय? लई वर्षं घर चालवलंस," म्हणत त्यांनी बोल्ट सैल केले, मला पूर्वेकडे फिरवलं, भस्माचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला. मग अंदाजानं परत आणलं. मी दोन बोटं अलीकडे राहिले. जीव कळवळला, पण पत्र्याला कुठली वाचा!

दसऱ्याला शिवकांता आली. भस्म बघून हसली. "अप्पा, छत्रीला हात लावला का?"

"पूजा केली की. कशी लखलखून राहिली बघ!"

पूजेत मला फिरवलंही असेल, हे तिच्या मनात आलं नाही. चार मिनिटं लॅपटॉपकडे टक लावून बसली. पडद्यावर संदेशाची रेघ उमटली नाही. तिनं दोष आपल्याच यंत्राला दिला, ते काढून जिन्याखालच्या खोक्यात टाकलं आणि संशोधन सोडलं. आता ती लातूरला शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवते. "पोरीच्या नशिबात न्हवतं," असं अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

यंदा नवमीला ती घरी होती. पूजेचं ताट घेऊन वर आली, तर अप्पा पाना लावून मला फिरवत होते.

"अप्पा, हे काय?"

"तोंड पूर्वेला नको? दरसाल करतो."

"त्या साली पण?"

"हाव. का गं?"

तिनं पान्याखालच्या सैल बोल्टकडे पाहिलं. मग अप्पांच्या म्हाताऱ्या हातांकडे.

"काही न्हाई अप्पा," ती म्हणाली आणि ताट पुढं केलं.

पूजा करून, मला अंदाजानं परत वळवून अप्पा खाली गेल्यावर तिनं त्या दसऱ्याच्या नेमाची जुनी वही आणली, मोजून मला दोन बोटं सरकवलं आणि खांबावर खडूनं एक रेघ ओढली. सकाळच्या गाडीनं ती लातूरला गेली.

माझा नेम आता बरोबर आहे. बोलणारं यान केव्हाच गप्प झालंय. तरी शिवकांता, जिन्याखालचं खोकं एकदा उघड गं. तुझं यंत्र चुकलं नव्हतं.