शिळा आकडा

ठण्णकन आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. ठकीच्या हातातला चमचा फरशीवर पडला होता.

"उचलते गं, ओरडू नकोस," म्हणत ठकीने बोटाला लावलेला नाडी मोजायचा चिमटा काढून टेबलावर टाकला आणि ती खाली वाकली.

आईने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. चिमटा रिकामा, पण नाडीचा आकडा अठ्ठ्याण्णववरून हलायला तयार नाही.

"अय्या! यंत्रानं माझं काळीज ठेवून घेतलं!" ठकी खिदळली.

आईने लॅपटॉप पुढे ओढला. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा कोड, तिचाच, ठकी झोपली की मिळेल तेवढ्या वेळात लिहिलेला. चिमट्याची मोजणी उपकरणाच्या मेमरीत उतरायची आणि कर्नल, म्हणजे यंत्राच्या सिस्टिमचा गाभा, ती मेमरी पडद्याच्या प्रोग्रामला थेट उघडून द्यायचा. आकडा मध्ये कुठे अडायला नको. ती उघडून देताना एकच बजावायचं असतं: ही मेमरी दर वेळी ताजी वाच, जवळ नक्कल ठेवू नकोस.

तिने कोड उघडला. नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.

ऑफिसात चाचणी घेताना इतर प्रोग्रामांच्या रेट्यात जुनी नक्कल पुसली जाई, आकडे हलत राहत. इथे यंत्रावर हा एकच प्रोग्राम होता. आज सकाळी हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात एका तान्ह्याला लावलेल्या अशाच यंत्रावरही तो एकटाच होता.

तिने टीमच्या प्रमुखाला फोन लावला. त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, वॉर्डातलं यंत्र काढा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, नर्सबाई तर कौतुक करतायत. आकडा कसा स्थिर आहे, म्हणाल्या."

"म्हणूनच काढा! तो शिळा आहे, मामा, बाळाची नाडी थांबली तरी तोच दिसत राहील. चूक माझी आहे, मग हवं तेवढं बोला."

पलीकडे खुर्ची सरकली. "मी वॉर्डाच्या खालच्याच मजल्यावर आहे. पळतो. फोन ठेवू नकोस."

मग नुसती धावणारी पावलं ऐकू येऊ लागली. एक दार ढकललं गेलं. मामा कुणाला तरी ओरडून काही सांगत होते, शब्द कळत नव्हते.

ठकी हळूच येऊन आईच्या कुशीत शिरली. आईने तिचं उघडं बोट मुठीत घट्ट धरलं.

"आई," ठकीने कुजबुजत विचारलं, "ते बाळ श्वास घेतंय ना?"