पोटाखालचं लाल बटण

मित्रांनो, माझी ओळख माझ्या आवाजावरूनच पटते, त्याबद्दल आधीच दिलगिरी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगुणामावशींच्या ओट्यावर बसणारा मी एक वयस्क मिक्सर. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वॉरंटी होती. आता फक्त अनुभव आहे. मावशी पर्यटकांच्या तंबूंना शेंगदाण्याची चटणी पुरवतात, ती मीच वाटतो. लोक बोटं चाटत मावशींचं नाव घेतात. माझं कुणी घेत नाही, पण मी मनाला लावून घेत नाही.

यंदा काजव्यांच्या दिवसांत मागणी वाढली. मावशींनी भांडं गळ्यापर्यंत भरलं आणि मी गप्प झालो. खरं तर मी बिघडलो नव्हतो. भार जास्त झाला की माझ्या पोटाखालचं लाल बटण बाहेर येतं आणि मी जळू नये म्हणून वीज तोडतं. जरा निवू देऊन ते दाबलं की झालं. पण हे सांगायला मला तोंड नाही.

मावशींनी मला गोधडीत गुंडाळून जीपनं खाली तालुक्याच्या गावी, अकोल्याला नेलं, गहिनीनाथ मेस्तरींच्या दुकानात. माणूस हुशार. मला उलटं करताच त्यांना कळलं.

"कॉइल बघावी लागंल, मावशी. परवा या," ते म्हणाले. मावशी गेल्या आणि मेस्तरींनी बटण दाबलं.

पूर्वी ते असलं काम गिऱ्हाइकासमोरच उरकत. पण असंच क्षणात काम करून घेतलेल्या एका गुरुजींनी बाजारभर सांगितलं, "त्याला काय येतं? नुसता हात लावतो." तेव्हापासून मेस्तरींचा नियम झाला: काम जितकं लहान, तितका मुक्काम मोठा.

मला फळीवर ठेवलं. डावीकडे जळालेला पंखा, उजवीकडे भोक पडलेला गिझर. सगळे खरेखुरे आजारी. ठणठणीत माणसानं दवाखान्यात खाट अडवावी, तशी माझी गत. पंख्याकडे बघायचीही लाज वाटे.

ठरल्या दिवशी मावशी आल्या, त्या बोटांना चिंध्या बांधूनच. पाट्यावर वाटून वाटून कातडी सोलली होती.

"सांजपातुर चटणी न्हाई पोचली, तर तंबूवाला दुसऱ्याकडनं घेनार हाय. हितंच चालवून दावा," त्या म्हणाल्या. शेंगदाणे त्यांनी सोबतच आणले होते. भांडं पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. मी गुरगुरलो आणि थांबलो.

'परवा या' हे शब्द मेस्तरींच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. मग त्यांची नजर त्या चिंध्यांवर गेली. त्यांनी मला जरा निवू दिलं, मावशींसमोर उलटं केलं आणि बटण दाबलं. मी सुरू झालो.

"येवढंच?"

"व्हय, मावशी."

"मंग दोन दिस ह्याचं बाळंतपन करीत हुता व्हय?"

मेस्तरींची मान वर होईना. "भांडं निम्मंच भरा," एवढं ते पुटपुटले. मग मला उचलून स्वतः जीपपर्यंत घेऊन आले.

जीपमध्ये मावशींच्या गावची बनुबाई बसली होती. "काय झाल्तं गं मिक्सरला?"

मावशींनी बोटं पदराआड घेतली. एका बटणापायी आपण दोनदा अकोलं गाठलं, हे गावाला कोणत्या तोंडानं सांगावं?

"कॉइल गेल्ती," त्या म्हणाल्या. "लई किचकट काम. पन मेस्तरी गुनाचा हाय."

मेस्तरी कानकोंडे झाले. शिवी त्यांनी मुकाट्यानं घेतली असती. ही शाबासकी घेववेना. खरं बोलावं, तर मावशींची फजिती. ते मला मावशींच्या मांडीवर ठेवून तसेच उभे राहिले. जीप निघाली. घाट चढेपर्यंत बनुबाई माझी चौकशी करत होती आणि मावशी एकेक नवा बिघाड सांगत होत्या. इतका आजारी मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, यंत्राच्या पोटात मावेल तेवढंच घाला, आणि ते थांबलं तर आधी उलटं करून पाहा. आणि कुणी तुमचं काम चटकन करून दिलं, तर त्याला हलकं लेखू नका. नाहीतर पुढच्या खेपेला तो तुम्हाला ताटकळत ठेवायला शिकतो, आणि तुम्ही खोटं बोलायला.