न भिजवलेले कापड

कापड बेतून झाले की वेतुरिया कोम्शा टेबलावरून हात फिरवी आणि तळहात उघडून सगळ्यांना दाखवी. त्यावर कतरणीचा एक तुकडाही नसे. मग तिच्याकडे शिकायला येणारी साविना म्हणे, "घ्या! आता चिमण्यांनी घरटी कशाची बांधायची?" आणि गावाच्या सभागृहात हशा पिके.

सिबिऊ शहराजवळच्या त्या गावात ही पद्धत नवी नव्हती. जुन्या बायकांचे सदरे असेच बेतलेले असत. हातमागाचा जेवढा पन्हा तेवढीच पाठ. गळा कापायचा नाही, दोऱ्यावर चुणून गोळा करायचा. आणि काखेत बसणारा चौकोन, ज्याला सगळ्या 'बेडकी' म्हणत, तोही बाहीच्याच टोकातून काढायचा. वेतुरियाने त्यात फक्त अचूकपणाची भर घातली होती. कापडगिरणी बंद पडेपर्यंत ती तिथल्या प्रयोगशाळेत होती, आणि भिजल्यावर कापड किती आटते हे मोजणे हेच तिचे काम होते. शिकायला आलेल्या प्रत्येकीला ती पहिल्याच दिवशी बजावी, की ज्या बेतात काही उरत नाही त्यात चूक झाकायलाही काही उरत नाही. म्हणून आधी खुणा करा, भिजवा, वाळवा, मोजा.

ईस्टरपूर्वीच्या उपासांत तिची थोरली नणंद रावेका एक गुंडाळी घेऊन आली. आत लिननचे कापड होते, रावेकाच्या आईने मागावरून उतरवलेले शेवटचे. त्यातून रावेकाची नात इलिंका हिच्यासाठी ईस्टरचा सदरा व्हायचा होता. वेतुरियाने गुंडाळी घरी नेली. कोपऱ्यावर खुणा करून तो भिजवायचा हे तिच्या मनात होते, पण आधी आराखडा काढू म्हणून ती बसली, आणि आराखडा इतका नेटका जुळला की त्यातून उठावेसेच वाटले नाही. कोपरा कोरडाच राहिला.

सभागृहात कापड टेबलावर पसरले गेले, बायका भोवती जमल्या आणि वेतुरियाने कात्री उचलली, तेव्हा रावेकाने सहज विचारले, "आईनं हे ओढ्यावर नेऊन धुतलं होतं की नाही, मला आठवत नाही बाई. तू भिजवून पाहिलंस ना?"

"मोजलंय, ताई," वेतुरिया म्हणाली.

हे खोटे आहे हे तिला बोलतानाच ठाऊक होते. 'नाही' म्हटले असते तर काम पुढच्या बैठकीवर गेले असते, एवढेच. पण सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे लागल्या होत्या. तिने कापड बेतले, टेबलावरून हात फिरवला, आणि तळहात उघडून दाखवला.

उरलेले उपास रावेकाने त्या सदऱ्यावर घालवले. खांद्यावर काळ्या दोऱ्याचे दाट भरतकाम केले, गळा चुणला, बेडक्या बसवल्या. मग भरताना मळलेला सदरा तिने एकदा धुऊन काढला. वाळल्यावर बाह्या इलिंकाच्या मनगटापासून चांगल्या चार बोटे वर राहिल्या आणि सदऱ्याची लांबी कमरेशीच संपली.

हे रावेकाने स्वतःच सभागृहात सांगितले. "चूक माझीच. पाणी फार कढत घेतलं असणार. हिनं तर मोजून दिलं होतं."

"रावेका, सदरा धुतलास की त्याचं सूप केलंस?" एरवीही टोमणे मारणारी पाराशिवा म्हणाली. "मीठ तरी घातलंस का?"

बायका हसल्या. रावेकाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मग तिने वेतुरियाकडे पाहिले. दोष कबूल केलेले माणूस जाणत्याच्या तोंडून त्यावर शिक्कामोर्तब मागते तसे.

"कढत पाण्यानं होतं असं कधी कधी," वेतुरिया म्हणाली.

वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होते, आणि पहिल्या खोट्यापेक्षा जास्त हीन. घरी जाताना तिला त्यातला एकही शब्द चुकीचा सापडेना, आणि म्हणूनच मान वर करवेना.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी तिने कपाटातून स्वतःच्या लग्नातला सदरा काढला. तोही त्याच सासूने विणलेला, त्याच पन्ह्याचा. त्याच्या बाह्यांतून आणि घेरातून पट्ट्या निघाल्या असत्या आणि इलिंकाच्या सदऱ्यात खांदा आणि बाही यांच्या मधे, तशाच कमरेखाली बेमालूम बसल्या असत्या. काही न बोलता नुकसान भरून निघाले असते. हा हिशेब तिला सकाळभर पटला.

सदरा घेऊन ती नणंदेच्या घरी पोहोचली तेव्हा रावेका चुलीपाशी कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी रंगवत होती. वेतुरियाने सदरा पसरून कात्री काढताच तिने ओल्या हातानेच ती हिसकावली.

"वेडबिड लागलंय का तुला? चूक माझी, आणि सदरा तुझा फाडायचा? आईनं तुझ्यासाठी विणलेला? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"ताई, मला नकोय तो. होऊ द्या."

"नाही म्हटलं ना. आणि माझं ओझं उतरलंय आता. परवा पापनिवेदनाला गेले होते, फादरना सगळं सांगितलं. पाणी निवायला थांबले नाही, आळस केला, आईची शेवटची वस्तू घालवली. तुझा कशावर विश्वास नाही म्हणा, पण मला बरं वाटलं."

वेतुरियाचा पापनिवेदनावर खरोखरच विश्वास नव्हता. पण न केलेल्या चुकीची कुणाला क्षमा मिळाली आहे, आणि ती चूक कुणाच्या नावावर असायला हवी, एवढे कळायला विश्वास लागत नव्हता.

"पाण्याचा दोष नव्हता," ती म्हणाली. "मी मोजलंच नव्हतं."

"काय मोजलं नव्हतंस?"

"कापड. भिजवलंच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

रावेकाने हातातले अंडे बशीत ठेवले. "आणि ते कढत पाण्याचं?"

"तसं होऊ शकतं, पण इथे—"

"गप्प बस."

रावेकाने पातेले चुलीवरून उतरवले. मग रावेकाने लग्नाच्या सदऱ्याची घडी केली, वर कात्री ठेवली आणि दोन्ही वेतुरियाच्या हातात दिले.

"मला सांगून तू मोकळी झालीस. पण माझं हसं कुठे झालं, ते तुला ठाऊक आहे."

ईस्टरला इलिंकाने जुनाच सदरा घातला. सण उलटल्यावर सभागृह पुन्हा भरले. टेबलावर साविनाचे कापड होते. वेतुरिया उभी राहिली आणि जे झाले ते सांगितले. कारणे दिली नाहीत.

रावेका उठली. तिने पाण्याचे घमेले आणून टेबलाच्या कडेला ठेवले. "आता भिजव. आमच्यासमोर."

वेतुरियाने खुणा केल्या, कोपरा भिजवला, इस्त्री फिरवून वाळवला. सगळ्या बसून पाहत होत्या. शेवटी तिने पट्टी लावली आणि आकडा वाचला.

साविनाने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि तोच आकडा स्वतः पुन्हा वाचला. एकीने मोजलेले दुसरीने तपासायचे, प्रयोगशाळेत हाच नियम होता, आणि तो योग्यच होता. वेतुरियाने हात टेबलावरून काढून एप्रनच्या खिशात घातले.