उशाशी बसणारी

चोर कसा पकडला हे दादा सांगत होता आणि सांगता सांगता त्याला हसू आवरत नव्हतं.

त्याच्या प्रकाशकाच्या टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली होती. एक दादाचा देवकोश. जगाच्या पाठीवर कुठे कोणते देव होऊन गेले, कोणी कशाचा कारभार पाहिला, कोण कोणावर रुसला आणि माणसांनी त्यांच्याकडे काय काय मागितलं, असा सगळा पसारा त्यात अकारविल्हे लावलेला. दुसरं पुस्तक एका बड्या प्रकाशनाचं, नुकतंच बाजारात आलेलं. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ चकचकीत आणि आत सगळा दादाचाच माल. वाक्यं तेवढी इकडची तिकडे केलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"पण चोरी आहे हे दाखवायचं कसं?" वकीलबाई म्हणाल्या. "देव काही कोणाच्या मालकीचे नसतात. ते म्हणतील, आम्हीही तीच जुनी पुस्तकं वाचली."

"म्हणून तर सापळा लावून ठेवला होता!" दादाने मांडीवर थाप मारली. "त्या कोशात एक देवी अशी आहे, जी जगात कुठेच नाही. मी बनवली. एका बैठकीत, चहा पिता पिता. आणि या गाढवांनी ती जशीच्या तशी उचलली."

प्रकाशकाने टाळी द्यायला हात पुढे केला. "कुठली हो?"

"उशाशी बसणारी."

खिडकीपाशी दादाची बहीण बसली होती. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिला आधी वाटलं, आपणच काहीतरी भलतं ऐकलं. मग दादाने पुस्तक उघडून ती नोंद मोठ्याने वाचायला घेतली आणि तिला कळलं, आपण बरोबरच ऐकलं.

कोश दादाच्या नावावर असला तरी घडला दोघांच्या हातून. दादा लिहायचा, धाकटी मुद्रितं तपासायची. शाळेतली नोकरी, घर, आईचं सगळं, हे उरकून ती पानांवर तुटून पडायची. प्रत्येक नोंदीला तिचा एकच प्रश्न, "आधार काय?" दादा वैतागायचा. "तुझ्यापुढे देवांनीसुद्धा कागदपत्रं घेऊन रांगेत उभं राहायचं का गं?" म्हणायचा. पण द्यायचा आधार, द्यावाच लागायचा. या देवीच्या नोंदीला तो म्हणाला होता, "एका म्हाताऱ्या नर्सकडून ऐकलं. तोंडी चालत आलेलं आहे." धाकटीने मान हलवली आणि पान उलटलं. आता सख्ख्या भावाला काय शपथेवर विचारायचं?

नोंद होती चार ओळींची. आजारी माणसाच्या उशाशी ही देवी येऊन बसते. तिला रूप नाही, तिची मूर्ती नाही, तिला काही वाहावं लागत नाही. उशाशी एक खुर्ची तेवढी रिकामी ठेवायची आणि घरच्यांनी पायथ्याशी बसायचं, कारण उशाची जागा तिची. ती बसली आहे तोवर माणूस एकटा पडत नाही.

बस्स, एवढंच. बाकीच्या देवांचे मानपान सांभाळता सांभाळता माणसं मेटाकुटीला आलेली. कोणाला सोनं हवं, कोणाला रक्त हवं, कोणी नुसतं नाव चुकलं म्हणून शाप देतो. आणि त्या गर्दीत ही बाई, जिला काही म्हणजे काहीच नको. हजार देवांची पानं तपासून धाकटीने आजवर कोणापुढे हात जोडले नव्हते. हिला मात्र तिने मनातल्या मनात ठेवून घेतलं.

कोश निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी आईने अंथरूण धरलं. धाकटीने स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून आईच्या उशाशी ठेवली, पुसून, बसायचा भाग खाटेकडे करून. स्वतः पायथ्याशी बसायची. आईला औषध पाजायला, तोंड पुसायला उठायची आणि परत पायथ्याशी. एकदा मावशी भेटायला आली आणि धपकन त्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात दारातून दादाच म्हणाला, "मावशी, तिथे नको. इकडे ये." धाकटीला किती बरं वाटलं होतं तेव्हा! तिला वाटलं, वरवर चेष्टा करतो, पण मनातून हाही मानतो.

शेवटच्या दुपारी आईने हात हलवून खुणावलं होतं. इथे बस, जवळ ये. तिने खुर्चीवर थोपटूनसुद्धा दाखवलं. धाकटी म्हणाली, "आई, तिथे ती बसली आहे ना," आणि आईचे पाय चोळत राहिली. आईचे ओठ हलत होते. पायथ्याशी काही ऐकू आलं नाही. दादा दारातच उभा होता. ऊन उतरायच्या आत आई गेली. नंतरची सगळी वर्षं धाकटीने एकाच गोष्टीवर काढली, की आई एकटी गेली नाही.

"सापळा झकास आहे," वकीलबाई म्हणत होत्या, "पण ते म्हणतील, आम्ही कोणा म्हातारीकडून ऐकलं, लोक मानतात तिला. लेखक तर स्वतःच्या बाजूनेच बोलणार. दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं की ही पहिल्यापासून बनावट आहे."

"ही सांगेल की!" दादाने खिडकीकडे बोट केलं. "धाकटीला सगळं माहीत होतं."

धाकटी उठली आणि बाहेर पॅसेजमध्ये गेली. दादा मागोमाग आला.

"खुर्ची कोणासाठी ठेवली होती, हे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तू मूग गिळून गप्प बसलास."

"अगं, तुला धीर येत होता. तो काढून घेऊ?" दादा पाण्याच्या यंत्राला टेकला. "आणि खरं सांगू? सगळेच देव कोणीतरी कधीतरी बनवलेत. विजेला घाबरून एकाने विजेचा केला, समुद्राला घाबरून दुसऱ्याने समुद्राचा. माझ्या देवीची जन्मतारीख मला माहीत आहे, एवढाच काय तो फरक."

दादा बोलायला लागला की भलेभले गार व्हायचे. एरवी धाकटीनेही मान डोलावली असती.

"विजेचा देव ज्याने केला ना, तो स्वतः लटलट कापत होता," ती म्हणाली. "दारात उभा राहून दुसऱ्याची गंमत बघत नव्हता. खरं कारण सांग."

दादाने कागदी पेल्यात पाणी घेतलं. प्यायला नाही.

"सापळा चार जणांना कळला की सापळा राहतो का? तू बोलून गेली असतीस कुठेतरी. अर्ध्या आयुष्याचं काम होतं, धाकटे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "झालं ते झालं. आत चल. मला माहीत होतं, एवढंच म्हण. कोर्टात अर्धा मिनिट लागणार नाही."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या पॅसेजमध्ये कळलं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. याच्या ताटातलं उष्टं खाऊन ती वाढली होती. आणि आता हा म्हणतो, माहीत होतं म्हण! माहीत होतं, तर त्या दुपारी ती कोण होती? आई जवळ बोलावत असताना जाणूनबुजून लांब बसून राहते, अशी मुलगी? तिला इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

ती आत गेली. वकीलबाईंनी पेन उघडलं.

"ताई, ही देवी खोटी आहे हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आत्ता इथे कळलं. तोवर मी तिला मानत होते. आई गेली तेव्हा तिच्या उशाची जागा मी या देवीसाठी सोडली होती."

प्रकाशकाचं हसू मावळलं. वकीलबाईंनी दादाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "मग अवघड आहे. तुमच्याच घरात मानत होते म्हटल्यावर समोरचे सोडणार नाहीत. आणि मी यांना खोटं बोलायला सांगणार नाही."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, एक वाक्य! सगळं काम पाण्यात गेलं माझं. माझ्यासाठी एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही?"

धाकटीने पर्स खांद्याला लावली.

"तुलाही एकच बोलायचं होतं, दादा," ती म्हणाली. "जा, आईजवळ बस. एवढंच."