राहिलेलं कडवं

उमेश दारात येऊन उभा राहिला तरी यमुनेनं मान वर केली नाही. ती तांदूळ पाखडत राहिली.

उद्या त्याच्या मुक्ताचं लग्न. डहाणूहून डीजे ठरला होता, भटजी ठरला होता. पण त्याची म्हातारी हटून बसली, धवलेरी गायली नाही तर पोरीचं लग्न लागलंच नाही म्हणे. आणि तलासरीकडच्या त्या पाड्यांत गाऊन लग्न लावणारी धवलेरी उरली होती एकच, यमुना.

बरा सापडला होता मेला! चौदा साली ह्याच उमेशनं स्वतःच्या मुलाशी ठरलेलं यमुनेच्या तानीचं लग्न मोडलं होतं. कंपनीत सुपरवायझर झाला आणि डोकं फिरलं. "गाणं म्हणजे काय कामधंदा आहे? ताडीवर गाणाऱ्या बाईची पोर आम्हाला नको," असं चार माणसांत बोलला. तानीच्या बापानं, जिव्यानं, लग्नासाठी शिवलेला पांढरा सदरा तसाच पेटीत राहिला. हे यमुनेनं विसरावं? ती काय देव होती?

"येईन," एवढंच ती म्हणाली. उमेश सुटला एकदाचा.

घरात मारिसोल होती, भिंतीवरची चित्रं शिकायला स्पेनहून आलेली. असल्या माणसाला ‘नाही’ का म्हणाली नाहीस, तिनं मोडक्या मराठीत विचारलं. यमुनेनं सांगितलं, गाणी मला देवानं स्वप्नात दिली, पोरीच्या लग्नाला बोलावलं की जावंच लागतं. मारिसोल म्हणाली, आमच्याकडे ह्याला ‘वोकासिओन’ म्हणतात, आतून आलेली हाक. नर्सला, मास्तरला ती असते म्हणतात. नुसता पगारासाठी राबतो त्याच्याबद्दल तसं कुणी म्हणत नाही.

"मंग उमेशला नाय ती," यमुना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अशी गायली की डीजेवाल्यानंही हात आवरला. नवरीचं कडवं झालं, नवऱ्याचं झालं, आईचं झालं. आता नवरीच्या बापाला आशीर्वाद. उमेश फेटा सावरून पुढे सरकला. यमुना घोटभर पाणी प्यायली आणि तिनं सरळ सासरच्या वाटेचं कडवं धरलं.

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतल्या प्रत्येकीच्या लग्नात बापाचं कडवं गायलं गेलं होतं. उमेशच्या म्हातारीनं खाली मान घातली.

लग्न लागलं, त्यात खोट नव्हती. यमुना निघाली तसा उमेश आडवा आला. मागशील ते देतो, पण तेवढं गा, म्हणाला.

"पोरीसाठी आलती मी. तुझ्यासाठी नाय," यमुना म्हणाली.

घरी आल्यावर तिनं पेटी उघडली आणि जिव्याला सदरा घालायला लावला. तो आता त्याला ढगळ होत होता. मग तानीला शेजारी बसवून यमुनेनं ते राहिलेलं कडवं म्हटलं, सगळं, जिव्याच्या नावानं.