आमिनाबीचा चिमटा आणि आबांचं बोट

माजलगावच्या बसस्टँडसमोर फळांचे अकरा गाडे लागतात आणि सावलीचा लिंब एकच आहे. त्या लिंबाखाली बारा वर्षं आमिनाबीचा द्राक्षांचा गाडा उभा होता. सावली गेली की फेब्रुवारीच्या उन्हात दुपारी दोनपर्यंत द्राक्षांच्या मनुका होतात. म्हणजे जागा गेली की धंदा गेला.

गाड्यांच्या जागा ठरवायचे गाडेवाल्यांचे पुढारी उत्तरेश्वर आबा. पद्धत साधी होती. हंगामाच्या तोंडावर एका दुपारी माऊली नावाचा गडी चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन यायचा आणि जो गाडा जिथं उभा असेल त्याच्याभोवती पांढरी रेघ ओढायचा. रेघ पडली की जागा वर्षभर त्याची. कुणाला हटवायचं असलं तर ते रेघेच्या आधी, आणि आबांनी स्वतः येऊन.

यंदा आबा आठ दिवस आधीच आले.

"भाबी, तुमच्या गाड्यावर अंगूर कमी अन् माशाच लई. लोकं नावं ठेवायलेत. माशा हटल्या न्हाईत तर जागा बंकटच्या रसवंतीला द्यावी लागंल."

एवढं बोलेस्तोवर त्यांनी सात द्राक्षं चवीला खाल्ली. चव बघितल्याशिवाय द्राक्ष घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. आबा चव बघायचे, घ्यायचे मात्र नाहीत.

 माशांचा इलाज आमिनाबीच्या घरी फ्रिजमध्ये होता, भाजीच्या कप्प्यात.

तीन वर्षांमागं तिच्या लेकीनं, जिनतनं, पुण्याहून कुरिअरनं एक झाड पाठवलं होतं. व्हीनस फ्लायट्रॅप. पानाच्या टोकाला शिंपल्यासारखा दुमडणारा दातेरी जबडा, आत बारीक केस, माशी बसली की जबडा बंद. आमिनाबीनं त्याचं नाव ठेवलं चिमटा, आणि मायेपोटी त्याला शेळ्यांचं लेंडीखत अन् बोअरचं पाणी घातलं. आठ दिवसांत चिमटा काळा पडून मेला.

"अम्मी, त्याला उपाशीच ठेवावं लागतं," जिनत फोनवर म्हणाली. तिनं दुसरं रोप पाठवलं होतं. "खत न्हाई, क्षाराचं पाणी न्हाई. धुतलेली वाळू, नारळाचा भुसा, भरपूर ऊन अन् पावसाचं पाणी."

बीड जिल्ह्यात बारा महिने पावसाच्या पाण्यावर झाड जगवायचं म्हटल्यावर आमिनाबीनं रोपाची आशाच सोडली. पण नवरा पाशा फ्रिज-एसीचा मेकॅनिक. तो म्हणाला, "एसीतून ठिबकतं त्यात कुठं क्षार हाय?" तेव्हापासून दिंद्रुडपासून गेवराईपर्यंत जिथं एसी दुरुस्त करील तिथून तो कॅनभर पाणी आणू लागला. रोपाला फुटवे आले, कुंड्या वाढल्या आणि प्रत्येक कुंडीचं पाणी वेगळं ठरलं. गल्लीतले लोक शपथेवर सांगतात की डॉक्टरच्या दवाखान्यातलं पाणी प्यालेला चिमटा आतून लालभडक झाला, सराफाच्या दुकानातलं प्यालेला पिवळा, आणि मंगल कार्यालयातलं प्यालेल्यानं तर एकाच पानावर जांभळा, गुलाबी अन् पोपटी असे तीन रंग काढले. थंडीत झाडाला झोप लागते, म्हणून पाशानं कुंड्या दोन महिने फ्रिजमध्ये ठेवल्या आणि भाजी बाहेर सडली. झोपून उठलेल्या चिमट्याचा जबडा ताटलीएवढा झाला होता.

आबा गेल्यावर आमिनाबीनं फ्रिजमधून चार कुंड्या काढल्या आणि गाड्याच्या उन्हाकडच्या कडेला मांडल्या. दोन दिवसांत तिच्या माशा संपल्या. चौथ्या दिवशी समोरच्या मिठाईवाल्याच्या संपल्या. सहाव्या दिवशी स्टँडवर एक माशी दिसली, तर लोक एकमेकांना बोलावून दाखवत होते.

फक्कीच्या दिवशी दुपारी आबा आले, मागं रसवंतीचा गाडा ढकलत बंकट.

"बघा आबा, हाय का एक तरी माशी?" आमिनाबी म्हणाली.

"माशा गेल्या, खरं हाय. पण मी बंकटला शब्द देऊन बसलोय. गाडा तेवढा नाल्याकडं सरकवा," असं म्हणत आबांचा हात सवयीनं घडाकडं गेला.

आता चिमट्याचा एक कायदा असतो. आतल्या केसाला एकदा धक्का लागला तर तो गप्प राहतो. वारा असेल, कचरा असेल. वीस आकडे मोजायच्या आत दुसरा धक्का लागला की मिटतो. दवाखान्याचा लाल चिमटा घडावर वाकलेला होता. आबांनी पहिलं द्राक्ष घेतलं, केसाला बोट लागलं. चव आली. दुसऱ्यासाठी हात घातला.

फट्!

"आयला! सोड बे!" आबा झाडाला म्हणाले.

"हलू नका, आबा. हललं की त्याला वाटतं शिकार जिती हाय. आणखी आवळतं."

"मंग सुटायचं कवा?"

"गप बसलात तर रातीपर्यंत त्याला कळतं, हे खायजोगं न्हाई."

"अन् हललो तर?"

"तर पचवायला घेतंय. आठ-दहा दिवस."

"पान कापून टाका की!" बंकट म्हणाला.

"टाका. जबडा तसाच मिटून ऱ्हाईल. लग्नाकार्यात बोटावर घालून फिरा मग."

आबा रिकाम्या क्रेटवर बसले, हात गाड्यावर. गर्दी जमली. त्या दिवशी माजलगावात कुणीही एकाहून जास्त द्राक्ष चवीला घेतलं नाही.

चार वाजता माऊली पाटी घेऊन आला. "आबा, ह्यो गाडा कुठं सरकवू?" त्यानं गाड्याला हात घातला.

"हात लावू नको बे गाड्याला!" आबा किंचाळले.

"आबा, शब्द दिलता तुमी!" बंकट म्हणाला.

"शब्द दिलता, बोट न्हाई दिलं!"

आमिनाबीच्या डब्यात एक चमचा होता. असल्याच चिमट्यातून पाशानं आपला अंगठा दोनदा चमच्याच्या दांडीनं अलगद उघडून काढला होता. तिनं डब्याचं झाकण आणखी घट्ट लावलं आणि माऊलीकडं बघत राहिली.

"वाऱ्यानं फक्की उडायलीय, आबा. वढू का न्हाई?" माऊलीनं विचारलं.

"वढ बाबा! हाय तिथंच वढ!"

पांढरी रेघ गाड्याभोवती फिरली, क्रेटला अन् आबांना आत घेऊन मिटली. बंकट रसवंतीचं चाक वळवून नाल्याकडं गेला. मग आमिनाबीनं डबा उघडला. चमच्याची दांडी आत सरली, जबडा उघडला, बोट बाहेर आलं. जेवढा वेळ हे वाचायला लागला तेवढाही लागला नाही.

आबांनी चमच्याकडं बघितलं. मग आमिनाबीकडं.

"आत्ताच ध्यानात आलं, आबा," ती म्हणाली.

आबा उठले. ताज्या रेघेवर ज्याचा पाय पडेल त्यानं अकराही गाड्यांना चहा पाजायचा, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. त्यांनी धोतर गुडघ्यावर धरलं, मागं सरून अंदाज घेतला आणि उडी मारली. पाय रेघेच्या पलीकडं पडला की रेघेवर, याबद्दल स्टँडवर अजून दोन मतं आहेत. चहा मात्र अकराही गाड्यांना मिळाला.